एक गोल्फ, बारा भानगडी

मारिओने क्रीडाक्षेत्रात पाऊल टाकलं ते पंच म्हणून. १९८४ च्या ‘टेनिस’मध्ये तो कोर्टाच्या कडेला उंच खुर्चीवर बसून निकाल देत होता. १९८७ च्या ‘माइक टायसन्स पंच-आउट!!’मध्ये तो रिंगणात रेफ्री म्हणून आकडे मोजत होता. मिशी तीच, टोपी तीच, पण खेळायला कुणी फारसं बोलवत नव्हतं. पुढे त्याच्या हातात गोल्फचा क्लब आणि टेनिसची रॅकेट कायमची दिली ती निन्टेन्डोच्या बाहेरच्या एका छोट्या स्टुडिओने. टोकियोतल्या या स्टुडिओचं नाव कॅमलॉट. गंमत अशी की मारिओच्या दारी येण्याआधी कॅमलॉटने निन्टेन्डोच्या दोन्ही मोठ्या प्रतिस्पर्ध्यांची चाकरी केली होती.

एकाच कन्सोलसाठी खेळांचे गेम बनवणाऱ्या छोट्या स्टुडिओंची ही जपानी गल्ली भलतीच मजेशीर आहे. तिथे सगळे रस्ते कुठून तरी फिरून गोल्फपाशी येतात. चला, एक फेरफटका मारू.

तलवार ठेवली, क्लब उचलला

कॅमलॉटची सुरुवात १९९० मध्ये सेगाच्या सावलीत झाली. तेव्हा नाव होतं सॉनिक सॉफ्टवेअर प्लॅनिंग. सूत्रं हिरोयुकी आणि शुगो ताकाहाशी या दोन भावांच्या हातात. त्यांची ओळख होती ‘शायनिंग फोर्स’: शूरवीर, जादूगार, पटावर सोंगट्या हलवाव्यात तशी सावकाश चालणारी युद्धं. खेळाच्या मैदानाशी काडीचा संबंध नाही.

मग १९९७ मध्ये याच मंडळींनी सोनीच्या प्लेस्टेशनसाठी ‘मिन्ना नो गोल्फ’ बनवला. मोठ्या डोक्यांची कार्टूनसारखी माणसं, निळंशार आकाश, आणि लहान पोरापासून आजोबांपर्यंत कुणालाही पाच मिनिटांत जमेल असा खेळ. जपानमध्ये तो दहा लाखांहून जास्त खपला. जपानी पोरांनी लगेच त्याचं लाडाचं नाव पाडलं, ‘मिंगोल’. त्याच सुमारास कॅमलॉट सेगाच्या सॅटर्न कन्सोलसाठी ‘शायनिंग फोर्स ३’ही करत होता. म्हणजे उजव्या हाताने सेगाचं युद्ध, डाव्या हाताने सोनीचा गोल्फ. दोन्ही कंपन्या तेव्हा एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, हे लक्षात घेतलं की ताकाहाशी बंधूंच्या तारेवरच्या कसरतीला दाद द्यावी लागते.

टिच, टिच, टिच

या गेमचा सगळा प्राण तीन टिचक्यांत आहे. बटण दाबलं की पडद्याच्या तळाशी आडव्या पट्टीवर एक खूण पळायला लागते. दुसऱ्यांदा दाबलं की ताकद ठरते. खूण परत फिरते आणि एका ठरावीक रेघेवर येते तेव्हा तिसऱ्यांदा दाबायचं, तो चेंडूला क्लब लागण्याचा क्षण. रेघ थोडी चुकली की चेंडू डावीकडे नाहीतर उजवीकडे भरकटतो. अचूक पकडली तर असा काही कडक आवाज येतो की त्या आवाजासाठीच माणूस पुढचा होल खेळतो.

यावर मग बारकावे चढतात. शेवटच्या टिचकीच्या वेळी खालचं बटण धरलं की चेंडू पडून मागे सरकतो, वरचं धरलं की पुढे घरंगळतो. वारा कुठला, उतार किती, चेंडू गवतात रुतलाय की वाळूत, हे सगळं डोक्यात. शिकायला पाच मिनिटं, पण हात बसायला महिने. तबल्याच्या विद्यार्थ्याला यात नवं काही वाटणार नाही, कारण सगळा खेळ समेवर येण्याचा आहे.

पाचव्या भागात तर ती पट्टीच नजरेआड करण्याचा पर्याय आला. मग नुसत्या गोल्फरच्या अंगाच्या हालचालीकडे बघून टिचकी मारायची. माझ्या मते कॅमलॉट आणि त्याच्या गादीवर पुढे बसलेला स्टुडिओ, दोघांच्या यशाचं मूळ इथेच आहे. त्यांनी गोल्फ नावाच्या अवाढव्य खेळातून एकच क्षण उचलला आणि तो वर्षानुवर्षं घासूनपुसून चमकवला.

पण मुळात ही टिचकी कुणाची?

इथे कथेत सातोरू इवाता येतात. पुढे २००२ मध्ये ते निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले, पण १९८४ मध्ये ते हॅल लॅबोरेटरी या छोट्या कंपनीतले तरुण प्रोग्रामर होते. निन्टेन्डोला आपल्या फॅमिकॉम कन्सोलवर गोल्फ हवा होता आणि तोही पूर्ण अठरा होलचा. त्या काळच्या कॅसेटमध्ये जागा किलोबाइटांच्या हिशेबात मोजली जायची. अठरा होल बसणारच नाहीत, असं म्हणून इतरांनी अंग काढून घेतलं. इवातांनी माहिती दाबून बसवायची स्वतःची युक्ती लिहिली आणि अठराच्या अठरा होल कॅसेटमध्ये कोंबले. ताकद आणि अचूकता एकाच पट्टीवर ठरवण्याची पद्धत याच ‘गोल्फ’मधून पुढच्या शेकडो गोल्फ गेममध्ये गेली. ‘मिन्ना नो गोल्फ’ त्याच घराण्यातला.

हा गेम तुम्ही कदाचित खेळलाही असाल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे फॅमिकॉमच्या नकलेचे डबे घरोघरी आले. सोबत पिवळी नाहीतर काळी कॅसेट, वर लिहिलेलं ‘९९९९ इन वन’, आत खरे गेम मोजके आणि बाकी सगळी त्यांचीच पुनरावृत्ती. अशा कॅसेटच्या यादीत ‘गोल्फ’ अनेकदा असायचा. मिशीवाला, गोलमटोल गोल्फर. त्यातली पट्टी कशासाठी आहे हे न कळल्यामुळे पोरं दोन मिनिटांत बाहेर पडून काँट्राकडे वळत. भावी अध्यक्षांची कारागिरी आपण अशी ओलांडून गेलो.

फ्लॉपी घेऊन दुकानात

ऑनलाइन स्पर्धा ही कालपरवाची गोष्ट वाटते? १९८७ मध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉमवर गोल्फच्या देशव्यापी स्पर्धा घेतल्या. एक जपानी कोर्सवर, दुसरी अमेरिकी कोर्सवर. घरी निळ्या रंगाच्या डिस्कवर खेळायचं, स्कोअर तिच्यातच नोंदला जायचा, मग ती डिस्क खिशात घालून दुकानात जायचं. तिथे ‘डिस्क फॅक्स’ नावाचं यंत्र असे. त्यात डिस्क सरकवली की तुमचा स्कोअर थेट निन्टेन्डोकडे रवाना.

अमेरिकी कोर्सच्या स्पर्धेचं बक्षीस होतं ‘पंच-आउट!!’ या बॉक्सिंग गेमची सोनेरी कॅसेट. दहा हजार प्रती वाटल्या. बाजारात तोवर ती नव्हतीच. नंतर त्याच गेममध्ये शेवटचा प्रतिस्पर्धी म्हणून टायसन आला, आणि टायसनच्या नावाने तो दुकानात गेला. म्हणजे जगातला सर्वांत गाजलेला बॉक्सिंग गेम मुळात गोल्फमधलं बक्षीस होता. आणि त्यात रेफ्री कोण? आपले मिशीवालेच.

उन्हाळा १९९९: समोरासमोर

पहिला ‘मिन्ना नो गोल्फ’ तुफान चालला. आता दुसरा भाग कॅमलॉटच करणार, असं कुणीही गृहीत धरलं असतं. पण कॅमलॉट निन्टेन्डोकडे गेला. सोनीकडे गेमचं नाव राहिलं, बनवणारे गेले.

सोनीने मग योकोहामाच्या क्लॅप हॅन्झ नावाच्या, १९९८ मध्ये नुकत्याच निघालेल्या स्टुडिओकडे सूत्रं दिली. पुढे १९९९ च्या जूनमध्ये निन्टेन्डो ६४ वर कॅमलॉटचा ‘मारिओ गोल्फ’ आला आणि जुलैमध्ये प्लेस्टेशनवर क्लॅप हॅन्झचा ‘मिन्ना नो गोल्फ २’. मूळ बनवणारे नव्या पात्रांसह एका बाजूला, मूळ नाव नव्या बनवणाऱ्यांसह दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे त्याच तीन टिचक्या. दोन्ही गेम उत्तम निघाले, त्यामुळे जिंकलं कोण हा वाद अजून मिटलेला नाही. मिटवायची घाईही कुणाला नाही.

खलनायकाला जोडीदार हवा होता

जांभळ्या टोपीचा, काटकुळा, नाक मुरडत चालणारा वालुइजी जगाला आवडतो. त्याचा जन्म कुठल्या मोठ्या साहसकथेत झालेला नाही. २००० मध्ये कॅमलॉट ‘मारिओ टेनिस’ करत होता. दुहेरी सामन्यात मारिओला लुइजी होता. मारिओचा वैरी वारिओ मात्र एकटा पडला होता, त्याला जोडीदार नव्हता. मग लुइजीला उलटंपालटं करून नवा गडी रेखाटला. फुमिहिदे आओकी या कॅमलॉटच्या चित्रकाराने तो घडवला.

तेव्हापासून वालुइजी टेनिस, गोल्फ, कार रेस, पार्टी गेम, सगळीकडे हजेरी लावतो, पण त्याच्या स्वतःच्या नावाचा साहसी गेम आजवर आलेला नाही. २०१८ मध्ये निन्टेन्डोच्या मोठ्या हाणामारी गेममध्ये ढीगभर पात्रं खेळण्यासाठी ठेवली. वालुइजी त्यात केवळ मदतनीस. चाहत्यांनी इंटरनेट डोक्यावर घेतलं. दुहेरीतला दुसरा म्हणून जन्मलेल्याचे हे भोग.

त्याच ‘मारिओ टेनिस’ने राजकन्या डेझीलाही परत आणलं. १९८९ मध्ये गेम बॉयवर तिची एंट्री झाली होती. १९९१ मध्ये ‘एनईएस ओपन टूर्नामेंट गोल्फ’मध्ये ती लुइजीची कॅडी होती, म्हणजे राजकन्या आणि काम प्लंबरच्या भावाची पिशवी सांभाळण्याचं. पीचने मारिओची सांभाळली. कॅमलॉटने डेझीच्या हातात रॅकेट दिली आणि तेव्हापासून ती बहुतेक संघांत असते.

गोल्फलाही गोष्ट असते

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि मला तीच सर्वांत भारी वाटते. कॅमलॉटच्या मंडळींच्या रक्तातली गोष्टीची हौस गेलीच नव्हती. १९९९ मध्ये गेम बॉय कलरवर ‘मारिओ गोल्फ’ केला तेव्हा त्यांनी त्यात चक्क भूमिका-गेम घुसवला. तुम्ही एक होतकरू गोल्फर. क्लबात फिरायचं, लोकांशी बोलायचं, कुणी टिप देतं, कुणी पैज लावतं, स्पर्धा जिंकल्या की अनुभवाचे गुण मिळतात आणि ते कुठे वाढवायचे हे तुम्ही ठरवायचं: लांब फटका की अचूकता. जिथे राक्षस मारायचे असतात तिथे इथे बर्डी मारायच्या. मारिओ तर बराच वेळ दिसतच नाही, नाव मात्र त्याचं.

शिवाय ट्रान्सफर पॅक नावाचं एक जोडयंत्र होतं. ते निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरला लावायचं, त्यात गेम बॉयची कॅसेट खोचायची, आणि प्रवासात वाढवलेला आपला गोल्फर मोठ्या टीव्हीवर मारिओविरुद्ध उतरवायचा. आजच्या क्लाउड सेव्हला जेवढं कौतुक मिळतं त्याच्या निम्मंही या जुगाडाला मिळालं नाही.

त्याच जोरावर २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर ‘गोल्डन सन’ आला, अस्सल भूमिका-गेम. तिसरा भाग २०१० मध्ये निन्टेन्डो डीएसवर. चौथ्याची वाट बघणारे अजून आशेवर आहेत आणि कॅमलॉट दर काही वर्षांनी त्यांच्या हातात आणखी एक टेनिस ठेवतो.

डार्क सोल्सचा वाजंत्री

छोटीशी, पण ऐकल्यावर थबकायला लावणारी गोष्ट. ‘मारिओ गोल्फ’ आणि ‘मारिओ टेनिस’चं टवटवीत संगीत मोतोई साकुराबांचं. २०११ च्या ‘डार्क सोल्स’चं, ज्यात अवाढव्य दैत्य तुम्हाला शंभरदा मारतो तेव्हा मागे घुमणारं, काळीज गोठवणारं संगीतही साकुराबांचंच. एकाच माणसाने टोडच्या बर्डीला आणि तुमच्या मरणाला चाल लावली आहे.

छोट्याला गोल्फच का परवडतो

जरा गंभीर होऊ. फुटबॉलचा गेम करायचा तर बावीस माणसं एकाच वेळी धावताना दाखवावी लागतात. खऱ्या खेळाडूंचे चेहरे हवेत, क्लबांची नावं हवीत, त्यांचे हक्क विकत घ्यावे लागतात, दर वर्षी संघ बदलायचे. हक्कांची ताकद किती, हे अमेरिकेत डिसेंबर २००४ मध्ये दिसलं. त्या वर्षी ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ हा अमेरिकी फुटबॉलचा गेम प्रतिस्पर्ध्यापेक्षा फारच स्वस्तात, १९.९९ डॉलरला आला आणि लोकांनी उचलून धरला. काही महिन्यांत ईए या प्रतिस्पर्धी कंपनीने एनएफएल या लीगचे सगळे हक्क एकट्यासाठी करारबद्ध केले. खेळ चांगला असून उपयोग नाही, संघांची नावंच वापरता येणार नाहीत तर काय करणार!

गोल्फमध्ये पडद्यावर एका वेळी एक माणूस आणि एक चेंडू. चेंडू हवेत असताना तर माणूसही नुसता उभा. मैदान काल्पनिक चालतं, खेळाडू काल्पनिक चालतात, ‘ॲल्बट्रॉस’ म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. सगळा जीव चेंडूच्या उडण्यात, पडण्यात आणि घरंगळण्यात ओतता येतो. मूठभर माणसांच्या स्टुडिओला याहून सोयीचा खेळ नाही.

पैशाची बाजू कन्सोलवाला सांभाळतो. त्याला घरातल्या सगळ्यांना चालेल असा गेम हवा असतो, स्टुडिओला जाहिरात आणि वितरणाची चिंता नको असते. एकाच कन्सोलसाठी काम म्हणजे श्रीमंताच्या वाड्यात भाडं न देता राहण्यासारखं: छप्पर पक्कं, पण मालकाने वाडा पाडायला काढला की तुमचं मत कुणी विचारत नाही. हे पुढे दिसेलच.

नवा डबा? आधी गोल्फ

सोनीने डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये पीएसपी आणला. पहिल्याच दिवशी दुकानात काय होतं? क्लॅप हॅन्झचा गोल्फ. डिसेंबर २०११ मध्ये पीएस व्हिटा आला. पहिल्या दिवशी? पुन्हा क्लॅप हॅन्झचा गोल्फ. प्लेस्टेशन, पीएस २, पीएसपी, पीएस ३, व्हिटा, पीएस ४, वर २०१९ मध्ये डोळ्यांवर चढवायचा व्हीआर संच, या सगळ्यांवर या एका स्टुडिओने गोल्फ खेळवला. मधल्या काळात चवीला थोडं टेनिसही केलं.

एका भागात तर ग्रीक देवांची खांडोळी करणारा ‘गॉड ऑफ वॉर’चा क्रेटोस गोल्फ खेळायला उतरला. सोनीच्या घरातलंच पात्र, बोलावलं की येतं. एरवी ज्याच्या हातात साखळदंड बांधलेल्या तलवारी असतात तो वाकून पट मारतोय, हे दृश्य एकदा तरी पाहावं असं आहे.

आणखी एक गंमत. अमेरिकेत ही मालिका ‘हॉट शॉट्स गोल्फ’ नावाने विकली गेली, युरोपात ‘एव्हरीबडीज गोल्फ’. वीस वर्षं दोन नावं चालली. २०१७ मध्ये पीएस ४ वर अमेरिकेतही ‘एव्हरीबडीज गोल्फ’ असं ठरलं. आणि २०२५ मध्ये नवा भाग आला त्याचं नाव: ‘एव्हरीबडीज गोल्फ हॉट शॉट्स’. दोन्ही पाहुणे खूश.

२०१७ च्या भागात क्लॅप हॅन्झने आणखी एक धाडस केलं. दोन फटक्यांच्या मध्ये तुम्ही मैदानावर मोकळे. चाला, पळा, गोल्फगाडी पिटाळा, तळ्यात गळ टाकून मासे धरा. इतर खेळाडू आजूबाजूला आपापला होल खेळत असतात. गोल्फ क्लबात रविवारी सकाळी जसं असतं तसंच, फक्त सदस्यत्वाची फी नाही आणि कुणी पोशाखावरून अडवत नाही. दुर्दैवाने ही मौज सर्व्हरवर अवलंबून होती. ३० सप्टेंबर २०२२ ला सर्व्हर बंद झाले.

मारिओवाले मागे राहिले नाहीत. २०२१ च्या ‘मारिओ गोल्फ: सुपर रश’मध्ये सगळे एकदम फटका मारतात आणि आपापल्या चेंडूमागे धावत सुटतात. वाटेत एकमेकांना धक्के देऊन पाडायची मुभा आहे. खोटं वाटेल, पण धावत खेळायचा गोल्फ प्रत्यक्षातही आहे. त्याला स्पीडगोल्फ म्हणतात आणि त्यात फटके व लागलेली मिनिटं यांची बेरीज करून निकाल लावतात. धक्काबुक्की मात्र मारिओची स्वतःची भर.

एप्रिल २०२१

हा महिना या गल्लीत कायम आठवला जाईल. १ एप्रिलला सोनीने जपान स्टुडिओ या आपल्या जुन्या विभागाची मोडतोड करून नवी मांडणी लागू केली. याच विभागाच्या आधाराने क्लॅप हॅन्झचा गोल्फ वर्षानुवर्षं निघत होता. २ एप्रिलला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, ‘क्लॅप हॅन्झ गोल्फ’ नावाचा गेम हजर झाला. कुठे? ॲपलच्या फोनवर, ॲपल आर्केडमध्ये. वीसेक वर्षांत पहिल्यांदा स्टुडिओचं स्वतःचं नाव गेमवर झळकलं. पुढे तोच गोल्फ ‘ईझी कम ईझी गोल्फ’ म्हणून निन्टेन्डो स्विचवर गेला, म्हणजे जन्मभर ज्याच्या विरुद्ध बाजूला खेळले त्याच्याच अंगणात. नंतर मेटाच्या व्हीआर संचासाठी ‘अल्टिमेट स्विंग गोल्फ’ही केला. क्लब तोच, फक्त पिशवी कुणाची ते बदलत गेलं.

महिना अजून संपला नाही. २० एप्रिलला ‘एमएलबी द शो २१’ आला. सोनीच्या सॅन डिएगो स्टुडिओचा बेसबॉल, २००६ पासून फक्त प्लेस्टेशनवर मिळणारा. तो त्या दिवशी एक्सबॉक्सवरही आला, आणि वर मायक्रोसॉफ्टच्या गेम पासमध्ये पहिल्याच दिवशी, वर्गणीदारांना वेगळे पैसे न देता. सोनीने बनवलेला गेम, स्पर्धकाच्या कन्सोलवर, स्पर्धकाच्या वर्गणीत! कारण साधं होतं. बेसबॉल लीगला आपला खेळ सगळीकडे दिसायला हवा होता. लीगने बोट धरलं की सोनीलाही चालावं लागतं. गोल्फवाल्या छोट्या स्टुडिओंवर अशी कुणाची लीग बसलेली नव्हती, हे इथे पुन्हा लक्षात येतं.

त्याच वर्षाच्या जानेवारीत निन्टेन्डोने कॅनडातला नेक्स्ट लेव्हल गेम्स हा स्टुडिओ विकत घेत असल्याचं जाहीर केलं. मारिओचा धसमुसळा फुटबॉल ‘सुपर मारिओ स्ट्रायकर्स’ त्यांनीच २००५ मध्ये केला होता. इतकी वर्षं भाडेकरू असलेले घरचे झाले. कॅमलॉट मात्र अजून स्वतंत्र आहे.

नावच वाचता आलं नाही

एका कन्सोलमध्ये अडकणं कसं मारू शकतं आणि कसं तारू शकतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. सॅन डिएगोच्याच सायोनिक्स या छोट्या स्टुडिओने २००८ मध्ये फक्त पीएस ३ साठी गाड्यांनी फुटबॉल खेळायचा गेम काढला. नाव: ‘सुपरसॉनिक ॲक्रोबॅटिक रॉकेट-पॉवर्ड बॅटल-कार्स’. दुकानदाराला सांगेपर्यंत दुकान बंद व्हायचं. गेम फारसा कुणाच्या नजरेत भरला नाही. सायोनिक्सने तीच कल्पना २०१५ मध्ये नव्याने बांधली, नाव ठेवलं ‘रॉकेट लीग’, आणि सुरुवातीला तो प्लेस्टेशन प्लसच्या वर्गणीदारांना फुकट दिला. लाखो लोक एका महिन्यात आत. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१९ मध्ये एपिक गेम्सने अख्खा स्टुडिओच विकत घेतला.

आणि आपला क्रिकेट?

आपल्याकडच्या वाचकाला हा प्रश्न पडणारच. ईएने ‘क्रिकेट ०७’ २००६ मध्ये काढला आणि नंतर क्रिकेटला रामराम ठोकला. मग सायबर कॅफेतल्या पोरांनी वर्षानुवर्षं त्याच गेमला नवे संघ, नव्या जर्सी, आयपीएलचे पॅच चिकटवून जिवंत ठेवलं. कन्सोलवरचा क्रिकेट मेलबर्नच्या बिग ॲन्ट या स्टुडिओने सांभाळला. पुण्याच्या जेटसिंथेसिसने २०१७ मध्ये सचिनच्या नावाचा गेम आणला तो थेट मोबाइलवर. कन्सोलच्या वाटेला इथे कुणी फारसं गेलंच नाही, आणि गिऱ्हाईक कुठे आहे हे पाहिलं तर त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

११ जुलैचं गुपित

इवातांकडे परत जाऊ, कारण सर्वांत भारी भानगड त्यांचीच आहे. २००६ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत ‘वी स्पोर्ट्स’ आला. हातातला रिमोट हलवून खेळायचे पाच खेळ. बहुतेक देशांत तो कन्सोलसोबतच मिळायचा आणि त्याच्या ८ कोटी २९ लाख प्रती लोकांच्या घरी गेल्या. त्यातला गोल्फ नीट बघा. नऊ होलचे नकाशे १९८४ च्या त्या पहिल्या ‘गोल्फ’मधूनच घेतलेले आहेत. इवातांनी कॅसेटमध्ये कोंबलेली मैदानं बावीस वर्षांनी कोट्यवधी आजीआजोबांनी सोफ्यासमोर उभं राहून खेळली.

११ जुलै २०१५ ला इवाता गेले. २०१७ मध्ये स्विच आला. त्याच वर्षी सप्टेंबरात काही उचापतखोरांना कन्सोलच्या आत लपवलेला एक प्रोग्राम सापडला. नाव ‘फ्लॉग’. उलटं वाचा. तो उघडायचा तर कन्सोलच्या घड्याळात ११ जुलै असायला हवी. आणि दोन्ही हातांत कंट्रोलर धरून इवाता आपल्या व्हिडिओंमध्ये करत ती खूण करायची, दोन्ही तळवे समोरच्याकडे सरकवण्याची. मग त्यांचाच आवाज ऐकू येई आणि १९८४ चा ‘गोल्फ’ सुरू होई. आता मात्र बटणाऐवजी हात फिरवून फटका मारायचा.

निन्टेन्डोने याची कुठेही जाहिरात केली नाही. अनेकांनी याकडे जपानी देवळात मिळणाऱ्या ताइतासारखं पाहिलं, यंत्राच्या आत बसून राखण करणारं. नंतरच्या एका सिस्टिम अपडेटमध्ये तो काढून टाकला गेला. तोवर अपडेट न केलेले स्विच मात्र काही संग्राहकांनी जिवापाड जपले आहेत.

कुठून सुरुवात कराल?

‘एव्हरीबडीज गोल्फ हॉट शॉट्स’ हा २०२५ चा भाग हाइड या तिसऱ्याच स्टुडिओने बनवला, प्रकाशक बंदाई नाम्को. तो प्लेस्टेशनबाहेर पडून स्विच आणि पीसीवरही मिळतो, त्यामुळे कन्सोल नसलेल्यांना हा सोपा मार्ग. घरात स्विच आणि त्याचं ऑनलाइन सदस्यत्व असेल तर मात्र माझं ऐका: गेम बॉय कलरचा १९९९ चा ‘मारिओ गोल्फ’ २०२४ पासून त्यात समाविष्ट आहे. पडदा बोटभर, रंग मोजके, मारिओ जवळपास गायब. तरी आधी तोच खेळा.